हातात न दिलेलं पाकीट

पाकीट माझ्या छातीवर आपटलं आणि फुटलं.

मुरमुरे शर्टाच्या खिशात गेले. गळ्यातल्या ओळखपत्रावर बसले. बाकीचे जमिनीवर. फुटाणे घरंगळत मशीनखाली गेले. बत्तासा मोडला. केळं तेवढं शाबूत राहिलं, माझ्या पायाशी येऊन पडलं.

“अरे, कॅच!” श्रीरंग सर म्हणाले. पाकीट फुटल्यानंतर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. “सॉरी सर,” म्हणालो.

हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं वाचताना कुणी मला शूर समजू नये. माझ्या अंगावर वस्तू येऊन फुटली आणि माफी मी मागितली. माझ्या तोंडून ती आपोआप निघाली. इतकी वर्षं तोंडाला तीच सवय लावली होती.

दसऱ्याचा आदला दिवस होता, आयुधपूजेचा. बेंगळुरूत हा सण घरापेक्षा कारखान्यात मोठा. आमची कंपनी तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. बिस्किटं, मसाले, शेंगदाणे पिशव्यांत भरणारी मशीनं आम्ही बनवतो. त्या दिवशी मशीनं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. फाटकाला केळीचे खुंट बांधतात. कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर फोडतात. कॉम्प्युटरलासुद्धा हळदकुंकू लागतं. मग विभागाचे साहेब प्रत्येकाला प्रसाद देतात. इथं त्याला कडलेपुरी म्हणतात. मुरमुरे, फुटाणे, बत्तासा आणि एक केळं, पातळ कागदी पाकिटात, तोंडाला पिन मारलेली.

सगळ्यांनी बूट काढले होते. मी मोज्यांवर उभा होतो. टेबलाच्या त्या बाजूला श्रीरंग सर, या बाजूला आमची रांग.

“उचल रे,” सर म्हणाले. “प्रसाद आहे. पायाखाली येतोय.”

मी गुडघ्यांवर बसलो. मुरमुरे गोळा करायला लागलो. सफाईवाली बाई झाडू घेऊन पुढं आली, तर सरांनी तिला हातानं थांबवलं. “तो करतोय.”

माझ्यानंतर रांगेत मंजुनाथ होता, स्टोअरमधला. मी खाली होतो म्हणून मला त्याचे हात नीट दिसले. सरांनी पाकीट उजव्या हातात घेतलं, डावा हात उजव्या कोपराला लावला, जरा वाकले आणि पाकीट त्याच्या ओंजळीत ठेवलं. “हब्बद शुभाशयगळु, मंजुनाथ.” सणाच्या शुभेच्छा. मंजुनाथच्या मागच्या मुलीलाही तसंच. तिच्या मागच्यालाही.

माझ्या आधीच्या लोकांनाही तसंच दिलं होतं. मी रांगेत उभा राहून बघत होतो. मी नेहमी बघत असतो.

मी उठलो. हातातले मुरमुरे टेबलाच्या कडेला ठेवले आणि दाराकडं चालू लागलो. जमिनीवर जे पडलं होतं ते माझ्या मोज्यांखाली चुरडलं. तो आवाज हॉलभर ऐकू आला. आता कुणी हसत नव्हतं.

मी त्या कंपनीत मशीनची पुस्तकं लिहितो. इंग्रजीत. मशीन कसं लावायचं, कसं बंद करायचं, कशाला हात लावायचा नाही. एका अर्थासाठी एकच शब्द वापरायचा आणि ठरलेला शब्द कधी बदलायचा नाही, हा आमच्या कामाचा नियम. हा नियम मला आवडतो. माणसांच्या बोलण्यात मला तो कुठं सापडत नाही. त्यामुळं कंपनीतल्या कुठल्याही विभागाचा इंग्रजी कागद आधी माझ्या टेबलावर येतो. निविदा असो, तक्रार असो, वाढदिवसाचं पत्र असो. मी वाचतो, सुधारतो, पुढं पाठवतो. अशी पद्धत पडली आहे. या पद्धतीनंच पुढं घोळ केला.

आधी संशयाचं सांगतो.

माझं आडनाव गावावरून आलेलं आहे. त्यावरून जात कळत नाही. बेंगळुरूत आल्यापासून मी त्या आडनावाच्या आडोशाला राहिलो. जे. पी. नगरला आमचा फ्लॅट आहे. तिथल्या मराठी लोकांत आम्ही “नागपूरचे”. एवढंच. मुलीला लहानपणीच शिकवलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, नागपूरचे. ती दहावीत आहे, अजून तसंच म्हणते. घरात तसबिरी आहेत, पण आतल्या खोलीत. पाहुणे आले की त्या खोलीचं दार ओढून घेतो. मीच घेतो. बायको कधी घेत नाही.

श्रीरंग सर पुण्याचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून मला जवळ बसवायचे. माझ्या डब्यातली तिळाची चटणी बोटानं घेऊन खायचे. “वहिनींच्या हाताला काय चव आहे रे!” मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. आणि त्याच वेळी आत कुणीतरी म्हणायचं, यांना अजून माहीत नाही.

यंदा आईनं फोनवर सांगितलं, माझे गुडघे आता चालत नाहीत, एकदा तू स्वतः मला दसऱ्याला दीक्षाभूमीवर ने. म्हणून मी सुट्टीचा अर्ज केला. सरांनी अर्ज बघितला.

“दसऱ्याला नागपूर?” ते म्हणाले. मग खुर्ची मागं टेकवून हसले. “दसऱ्याला नागपुरात दोनच गर्द्या असतात रे. तू कुठल्या गर्दीतला?”

महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही.

“आईला डॉक्टरकडं न्यायचंय सर,” मी म्हणालो.

“दसऱ्याला डॉक्टर?” एवढंच म्हणाले आणि सही केली.

त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या डब्याला हात लावला नाही. “आज पोट ठीक नाही रे.” दुसऱ्या दिवशी, “डॉक्टरनं तिखट बंद केलंय.” असेलही. माणसाचं पोट बिघडतं. कागद माझ्या हातात द्यायचे ते टेबलावरून सरकवायला लागले. असेलही. टेबल गुळगुळीत आहे. मी प्रत्येक गोष्टीला “असेलही” म्हणत होतो आणि प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवत होतो.

बायको म्हणते, “तुम्ही लोकांचे हात काऊन बघत राहता? तोंड बघा ना माणसाचं.”

तिचं खरं आहे. पण तोंड हसतं. हाताला हसता येत नाही.

ही सवय शाळेतली. आमचे गुरुजी तपासलेल्या वह्या परत द्यायचे. बाकीची मुलं टेबलाजवळ जायची, वही घ्यायची, पाया पडायची. आमच्या वस्तीतल्या मुलांचं नाव पुकारलं की आम्ही जागेवर उभं राहायचं. वही हवेतून यायची. पानं फडफडत. कधी शाईचा डाग पडलेली, कधी पुठ्ठा सुटलेला. आम्ही झेलायचो. मी तर फार छान झेलायचो. एका हातानं. गुरुजी खूश व्हायचे. “अरे वा! याला क्रिकेटमध्ये घ्या रे!” आणि मला खरंच घेतलं. शाळेच्या संघात मी सीमारेषेवर उभा असायचो. तिथं कुणाशी बोलायला लागत नाही. चेंडू आला की झेलायचा. माझ्याकडून झेल सुटला असं कधी झालं नाही.

वर्षानुवर्षं मला याचा अभिमान होता. माझ्या मुलीला मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगत असे. गुरुजी वह्या कशा फेकायचे आणि बाबा कसे एका हातानं झेलायचे. ती टाळ्या वाजवायची. वही हातात का देत नव्हते, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणून त्या दिवशी पाकीट येताना मला दिसलं. नीट दिसलं. सरांचं मनगट सैल होतं, पाकीट हळू येत होतं, कुठल्याही मुलानं झेललं असतं. माझे हात उठले नाहीत. खाली लोंबत राहिले. मी ठरवून ठेवले की ते आपणहून राहिले, मला अजून नक्की सांगता येत नाही. पण सुटलं नाही. सुटायला आधी हात पुढं करावा लागतो.

त्याच संध्याकाळी आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो. बायकोला रस्त्यात सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही हसले?”

“हो.”

“हसायचं नव्हतं,” ती म्हणाली.

आईला काही सांगितलं नाही. तिला व्हीलचेअरवर बसवून नेलं. ती भेटेल त्याला सांगत होती, “माह्या पोरानं सायबाले सांगून सुट्टी घेतली. दीक्षाभूमीसाठी म्हणून घेतली. सायबानं लगेच देली.” शेजारच्या बाईला सांगितलं, पाणी वाटणाऱ्या पोराला सांगितलं, पुस्तकाच्या दुकानदाराला सांगितलं. मी तिच्यामागं चेअरचा दांडा धरून उभा. एवढी माणसं उघड्यावर आपलं नाव सांगत फिरत होती, आणि मी तिथंही एक खोटं सोबत घेऊन उभा होतो. मला वाटलं, इथं तरी कुणाला संशय यायला हवा माझा.

परतलो तर ईमेल आलेली होती. विभागाच्या पूजा समितीनं तक्रार केली होती. तक्रार माझ्याविरुद्ध. मी प्रसाद पायाखाली तुडवला, सहकाऱ्यांच्या भावना दुखावल्या, कार्यक्रम सोडून गेलो. चौकशी समितीसमोर हजर राहावं.

पाकिटाचा उल्लेख नव्हता.

समितीत तिघं. एचआरच्या वसुधा मॅडम बोलत होत्या, बाकीचे दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून होते. मॅडम भल्या बाई आहेत असं सगळे म्हणतात. त्यांनी मला कॉफी मागवली. कप स्वतःच्या हातानं पुढं केला. तरी मी बघितलं, त्यांची बोटं कपाच्या दांड्यावर होती की बशीच्या कडेला. बशीच्या कडेला होती. मग म्हटलं, कॉफी गरम असेल. मी हा असा माणूस झालोय. चांगुलपणासुद्धा उलटा करून खाली काही लिहिलंय का ते बघतो.

“आप प्रसाद के ऊपर से चले?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“जानबूझ के?”

“प्रसाद सगळीकडं पडला होता मॅडम. दार त्याच्या पलीकडं होतं.”

“गिरा कैसे?”

“श्रीरंग सरांनी माझ्यावर फेकलं.”

त्यांनी पेन थांबवलं. “फेंका, मतलब?”

मी हातानं करून दाखवलं. जसं त्यांनी केलं तसंच, मनगट सैल ठेवून. मोबाइल बघणारा एक जण मान वर करून हसला. “अरे, ये तो टॉस है. टॉस किया ना उन्होंने. मजाक में.”

मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “देखिए, आप सीनियर हैं. रिग्रेट लिख दीजिए, फाइल बंद. वो भी आपके ही तरफ के हैं ना, महाराष्ट्र के? स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि.”

बेंगळुरूत हे वाक्य रिक्षात, बसमध्ये, दुकानात सगळीकडं ऐकू येतं. थोडं सरका, थोडं सांभाळून घ्या. मीही ते हसून शेकडो लोकांना म्हटलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला प्रश्न पडला, सरकून सरकून मी नेमका कुठं जाऊन बसलोय.

“आधी इतिवृत्त बघू द्या,” मी म्हणालो.

इतिवृत्त दोन दिवसांनी आलं. माझ्या टेबलावर. भाषा तपासण्यासाठी. पद्धत अशी आहे ना. कारकुनानं नाव न बघता नेहमीच्या कागदांबरोबर पाठवून दिलं. माझ्याच चौकशीचं इंग्रजी मी सुधारायचं होतं.

त्यात लिहिलं होतं, श्रीरंग सरांनी सणाच्या आनंदात पाकीट ‘टॉस’ केलं. सदर कर्मचाऱ्याला ते झेलता आलं नाही. त्यानंतर त्यानं रागाच्या भरात प्रसाद तुडवला. त्याबद्दल त्याला खेद आहे. खाली माझ्या सहीसाठी रेघ.

मी पहिल्यांदा क्रियापदावर बोट ठेवलं. हा माझा धंदा. फेकण्याचे इंग्रजी शब्द मी नव्या इंजिनिअर मुलांना स्वतः शिकवले आहेत, कारण ती पुस्तकात कुठलाही शब्द कुठंही घालतात. ‘थ्रो’ साधा शब्द. हातातून वस्तू सुटली, कुठल्या तरी दिशेला गेली, एवढंच तो सांगतो. ‘टॉस’ हलका. मनगटानं, फारसं लक्ष न देता, पडलं तर पडलं. ‘चक’ त्याहून ढिला. नको असलेली वस्तू कोपऱ्यात टाकताना, किंवा दोस्ताकडं किल्ली टाकताना. ‘फ्लिंग’मध्ये झटका असतो, राग असतो, कधी किळस असते. ‘हर्ल’ म्हणजे अंगातली सगळी ताकद, समोरच्याला लागावं अशीच. आपल्याकडंही आहेत. टाकणं, फेकणं, उडवणं, भिरकावणं. गुरुजी वही भिरकावायचे.

मी ‘टॉस’ खोडून ‘हर्ल’ लिहायला पेन उचललं. खूप इच्छा झाली. पण ते खोटं झालं असतं. ताकद लावली नव्हती. ‘फ्लिंग’? चेहऱ्यावर राग नव्हता, किळस नव्हती. चेहरा तर हसरा होता. मी डोळे मिटून ते मनगट पुन्हा पुन्हा आठवलं. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी ते सैल होतं. माझ्या धंद्याच्या नियमानं बघितलं तर शब्द बरोबर होता. टॉसच केलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. हरल्यासारखं झालं. म्हणजे इतके दिवस आत जे जळतंय ते उगाच? बायको म्हणते तसा संशयाचा रोग?

मी कागद पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा. शब्द न शब्द बरोबर होता आणि सगळा कागद खोटा होता. हे मला कळत होतं, पण दाखवता येत नव्हतं. मशीनच्या पुस्तकात असं झालं की मी एक गोष्ट करतो. लिहिलेलं तपासायचं थांबवतो आणि कुठली पायरी लिहिलीच नाही ते शोधतो. ऑपरेटरचं बोट जातं ते चुकीच्या शब्दानं जात नाही. गाळलेल्या पायरीनं जातं.

पायरी गाळली होती. बाकीच्या प्रत्येकाला पाकीट हातात दिलं होतं. कोपराला हात लावून, वाकून, शुभेच्छा देऊन. हे कागदावर कुठंच नव्हतं. ते नसेल तर टॉस ही गंमत ठरते. ते आलं की तोच टॉस दुसरं काहीतरी होतो. किती जोरात फेकलं याच्याशी त्याचा संबंधच नाही. गुरुजीही कधी जोरात फेकत नव्हते. प्रेमानं म्हणायचे, झेल रे बाळा.

मी क्रियापद तसंच ठेवलं. त्याच्यापुढं एक वाक्य घातलं: ‘रांगेतल्या इतर प्रत्येकाला त्यांनी पाकीट हातात दिलं.’ ‘झेलता आलं नाही’ हे खोडलं. तिथं लिहिलं, ‘त्याने हात पुढे केले नाहीत.’ खेदाचं वाक्य खोडलं. सहीची रेघ मोकळी ठेवली.

श्रीरंग सर दुपारी माझ्या टेबलाशी आले. एरवी मला केबिनमध्ये बोलावतात.

“काय रे, झालं का वाचून?”

“झालं सर.”

“दोन स्वल्पविराम टाक आणि पाठवून दे. आपल्यातल्या आपल्यात कशाला वाढवायचं? इथं आपण मराठी माणसं आहोतच किती.”

“सर, सगळ्यांना तुम्ही हातात दिलंत.”

“तू लांब होतास.”

“मंजुनाथच्या पुढं होतो. त्याला दिलंत तिथंच.”

ते माझ्या टेबलाच्या कडेला बसले, आवाज खाली आणला. “अरे, तू आपला म्हणून गंमत केली. परक्याची करतं का कुणी? आणि एक सांगतो, मी जातपात मानत नाही. आमच्या घरी सगळे येतात-जातात. आई होती तेव्हापासून.”

मी जातीचा शब्द काढला नव्हता. समितीपुढं काढला नव्हता, त्यांच्यापुढं काढला नव्हता. या कंपनीत लागल्यापासून कुणापुढंही काढला नव्हता.

“जातीचं मी कुठं काय म्हणालो सर?”

त्यांचा चेहरा बदलला नाही. पण हात बदलला. टेबलावर पसरलेला होता, तो त्यांनी उचलून खिशात घातला.

“हे बघ,” ते उठत म्हणाले, “लीड रायटरची जागा निघतेय. तुझं नाव मीच पुढं केलंय. अशी चौकशी पेंडिंग असली की नाव मागं पडतं. मी धमकी देत नाही. तुझ्या हिताचं सांगतोय.”

मी कागद वसुधा मॅडमना पाठवला. तासाभरात त्यांचा फोन. दमलेला आवाज होता. “आपका वो सेंटेन्स कमिटी ने निकाल दिया. सबको हाथ में दिया, आपको टॉस किया, इसका इस मामले से क्या संबंध? इरेलेव्हंट है.”

संबंध काय. बरोबर विचारलं त्यांनी. ज्याला मी कोण आहे ते माहीत नाही, त्याच्यासाठी त्या वाक्याला काही अर्थच नाही. एका माणसाला पाकीट फेकून दिलं, असेल मजा. ज्यांना माहीत आहे ते सांगणार नाहीत. आणि मी सांगितलेलं नाही. म्हणजे ती पायरी आधी त्यांनी गाळलेली नव्हती. आधी मी गाळली होती. कंपनीतल्या माझ्या पहिल्या दिवशी, जे. पी. नगरच्या पहिल्या गणपतीत, मुलीला काय म्हणायचं ते शिकवताना. लपून राहून मला वाटत होतं मी वाचतोय. मी त्यांना सोय करून देत होतो. माहीत असूनही माहीत नाही म्हणायची सोय.

त्या संध्याकाळी जेवताना मुलीला गुरुजींच्या वह्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी पूर्ण सांगितली. कुणाच्या वह्या हातात मिळायच्या, कुणाच्या हवेतून यायच्या, आणि का. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

“मग मी शाळेत नागपूरचे का सांगते?” तिनं विचारलं.

उत्तर माझ्याकडं होतं, पण ते एका भित्र्या माणसाचं होतं.

“तुझा बाप घाबरत होता म्हणून,” बायको म्हणाली. माझ्या बाजूनं बोलली नाही. बरं केलं.

सोमवारी समितीची शेवटची बैठक आहे. इतिवृत्तावर सही करायची किंवा हरकत नोंदवायची. सरांनी निरोप पाठवलाय, अजून वेळ आहे. मॅडमनी पाठवलाय, विचार करा. मंजुनाथ कँटीनमध्ये शेजारी येऊन बसला, म्हणाला, “अण्णा, नानु नोडिदे.” म्हणजे, मी बघितलंय. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, साक्ष मात्र देणार नाही, घरी तीन माणसं खाणारी आहेत. त्याच्यावर माझा राग नाही. विश्वासही नाही. तो हे बोलणं सरांपर्यंतही पोचवू शकतो, हे मी गृहीत धरलंय.

मी एकटा जाणार आहे. आत गेल्यावर कॉफी नको म्हणणार आहे. कुणी काही विचारायच्या आधी मी तिथल्या तिघांना आणि श्रीरंग सरांना माझी जात सांगणार आहे. आम्ही महार होतो, आता बौद्ध आहोत. इंग्रजीत सांगेन, हिंदीत सांगेन, मॅडमसाठी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगेन. ते लिहून घ्या म्हणेन. लिहून होईपर्यंत उभा राहीन. मग त्यांनी काढून टाकलेलं वाक्य त्यांना वाचायला लावीन आणि विचारीन, आता सांगा, संबंध आहे की नाही.

नाही म्हणाले तरी चालेल. पण जे म्हणतील ते आता माहीत असताना म्हणतील. लीड रायटरची जागा जाईल, हे मी बायकोला सांगितलंय. बदली होईल, हेही सांगितलंय. घरातल्या आतल्या खोलीचं दार मी बिजागरीवरून उतरवून ठेवलंय. ते परत बसवणार नाही.